नकाराचं खरं कारण

आमच्या धंद्यात खोटं बोलण्याचाच पगार मिळतो. मुलाकडचे मुलगी बघतात, पोहे खातात, 'कळवतो' म्हणून जातात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वधू-वर सूचक केंद्राला फोन करून नकार सांगतात. कारणही सांगतात, अगदी मोकळेपणानं. ते कारण शाखाप्रमुखाच्या पोटात राहतं. मुलीच्या घरी आम्ही एवढंच कळवतो की पत्रिका जुळली नाही. मुलगी ठेंगणी असली तरी पत्रिका, काळी असली तरी पत्रिका, तिच्या काकानं पाहुण्यांसमोर ढेकर दिली तरी पत्रिकाच. बिचारे ग्रह साऱ्या मराठवाड्याच्या शिव्या खातात आणि मुलीकडची माणसं निदान घास तरी गिळू शकतात.

केंद्राच्या शाखा तीन. मुख्य लातूरला, दुसरी आमची नांदेडची, तिसरी देगलूरची. मालक एक, पाटी एक, पण एका शाखेतली गोष्ट दुसरीला कळेल तर शपथ. लातूरच्या सिंधुताईंना एखाद्या घराबद्दल विचारलं, तर त्या आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करायच्या, मग लातूरच्या उन्हाबद्दल बोलायच्या आणि फोन ठेवायच्या.

याचा सगळ्यात जास्त राग होता आमच्या शाखाप्रमुख शिल्पा मॅडमना. बाई हुशार, कामाला वाघ आणि जिभेला धार. लग्न झालं होतं उदगीरला. वर्षभरात नवऱ्याला सोडून उमरीला माहेरी आल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून जगातल्या प्रत्येक माणसात काहीतरी दुरुस्त करण्यासारखं असतं, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. मी शेजारच्या टेबलावर बसायची, त्यामुळे माझी दुरुस्ती रोजच व्हायची. मला त्या आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांची धाकटी बहीण दीपमाला नांदेडलाच एका खाजगी शाळेत शिकवायची. शाळा सुटली की ती आमच्या ऑफिसात येऊन बसायची आणि मग दोघी मिळून उमरीची गाडी धरायच्या. गोल चेहऱ्याची, पुढचे दोन दात किंचित पुढे आलेली, कशावरही खळखळून हसणारी मुलगी. तिचं जमत नव्हतं. घरच्या माणसाचं स्थळ दुसऱ्या शाखेनं बघायचं, असा केंद्राचा नियम. म्हणून दीपमालाचं सगळं लातूरच्या सिंधुताईंकडे होतं. आणि लातूरहून दर वेळी एकच निरोप यायचा, पत्रिका जुळली नाही.

हा निरोप दुसऱ्या कुणी ऐकला असता तर त्यानं शनीला तेल वाहिलं असतं. शिल्पा मॅडम स्वतः रोज दहा घरांना हेच सांगायच्या. पत्रिका म्हणजे रूप, हे त्यांना पाठ होतं. तेव्हा आपल्या बहिणीच्या रूपातच खोट आहे, असं त्यांनी धरून टाकलं आणि ती काढायला बसल्या. आधी भात बंद केला. मग तोंडाला लावायला कसकसली मलमं आणली. दातांना तारा बसवल्या, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जेव्हा तिच्या वर्गातल्या पोरींच्या तारा निघत होत्या. पाहुणे येणार असले की स्वतः शेजारी बसायच्या आणि ती हसायला लागली की तिच्या मांडीला चिमटा काढायच्या. हे मला दीपमालानंच सांगितलं होतं, तेही हसत.

एकदा शाळेतल्या कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणून तिनं डब्यातून शिरा आणला होता. तिनं पहिला घास उचलला आणि मॅडमनी सगळ्यांसमोर डबा ओढून घेतला. "खा. खाऊन खाऊन अशीच बस माझ्यासारखी घरात," असं म्हणून त्यांनी तो शिरा खिडकीतून खालच्या कुत्र्याला टाकला. दोन गिऱ्हाइकं समोर बसली होती. दीपमालानं हात पुसला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मॅडमचं तिच्यावर प्रेम होतं, हे मलाही दिसायचं. म्हणून तर ते बघवत नव्हतं.

मग मालकांचा मुलगा मृत्युंजय पुण्याहून शिकून आला आणि त्यानं लातूरला तिन्ही शाखांची बैठक लावली. तो म्हणाला, आपल्या शाखांमध्ये भिंती आहेत, त्या पाडायच्या. सगळी माहिती एका ठिकाणी येईल, प्रत्येकीला प्रत्येकीचं दिसेल. सगळ्या जणी माना खाली घालून बसल्या होत्या. टाळी वाजवली ती एकट्या शिल्पा मॅडमनी.

त्या उठून बोलायला लागल्या. स्थळांची माहिती सगळेच देतील, म्हणाल्या, पण खरी दौलत नकाराच्या कारणात आहे आणि त्यावर प्रत्येक शाखा नागोबासारखी बसलीय. ते खरं कारण सगळ्यांनी भरलं पाहिजे, मागच्या वर्षांचंसुद्धा. इथवर ठीक होतं. पण मॅडमना थांबणं कधी जमलंच नाही. त्या पुढं म्हणाल्या की नुसतं आपल्याला कळून उपयोग नाही, ते मुलीच्या घरीही कळवा, म्हणजे माणसं सुधारतील. मृत्युंजय सर इतके खूश झाले की त्यांनी तिथंच ठरवलं, माहिती भरून झाली की पुढच्या सोमवारी सगळ्या घरांना एकदमच मेसेज जाणार.

सिंधुताई म्हणाल्या की हे करू नका. सरांनी त्यांना काळाबरोबर चालायला सांगितलं. चहाच्या वेळी त्या शिल्पा मॅडमना बाजूला घेऊन गेल्या. मी कपात साखर हलवत जवळच उभी होते, मुद्दामच.

"शिल्पा, काही गोष्टी माझ्याजवळच राहू दे. तुझ्या भल्याचं सांगून राहिले."

"तुमच्या कपाटाची किल्ली हातून चालली म्हणून दुखून राहिलंय तुम्हाला, ताई," मॅडम म्हणाल्या. "माझ्या बहिणीत काय खोट हाय ते मला कळलं पाहिजे. तीन वर्षं झाली, अंधारात चाचपडून राहिले मी."

सिंधुताई चहा न घेताच आत गेल्या. त्यानंतर त्यांनी लातूरची सगळी कारणं भरली, एकही शब्द न गाळता. त्यांनी ते नियम म्हणून केलं की डिवचल्या गेल्या म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

शनिवारी दुपारी लातूरची माहिती आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडली. मॅडमनी दुसरं काहीच बघितलं नाही, थेट दीपमालाचं पान काढलं. कागद-पेन जवळ ठेवलं होतं, काय काय सुधारायचं ते लिहून घ्यायला. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले आणि त्यांच्या खुर्चीमागं थांबले. सात नकार होते आणि सातांपुढं खरं कारण होतं.

'मुलगी पसंत. मोठी बहीण माहेरी येऊन बसलीय, तिच्या तोंडाचा धाक वाटतो.'

'मुलगी पसंत. उद्या आई-वडील गेल्यावर ही बहीण आमच्याच गळ्यात पडणार का, असं मुलाची आई विचारते.'

'मुलगी छान, पण बहीण तिला हसूच देत नाही. अशी बाई सोयऱ्यात नको.'

'मुलाला फोटोतले मुलीचे दात आवडले होते. तारा कुणी लावायला लावल्या, विचारतो.'

उरलेल्या तिन्हीत शब्द वेगळे होते, बाई तीच होती. रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. वजनाबद्दल नव्हतं. पत्रिका तर कुणी मागितलीही नव्हती.

मॅडमनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. पेन हातात होतं, कागद कोरा होता. मला मनातून बरं वाटलं, आणि लगेच त्यांच्या वाकलेल्या मानेकडं बघून कसंतरीच झालं. ती मान इतकी ताठ असायची की आम्ही मागून तिची नक्कल करायचो.

मग त्यांना सोमवार आठवला. त्यांनी मृत्युंजय सरांना फोन लावला आणि एका घराचा मेसेज तेवढा थांबवा म्हणून विनवलं. सर गोड बोलले. ही तुमचीच तर आयडिया, म्हणाले, आणि घरच्या माणसाला वगळलं तर पुन्हा भिंतीची पहिली वीट तुम्हीच ठेवल्यासारखं होईल. मॅडमनी लातूरला फोन लावला. सिंधुताईंना त्यांनी पहिल्यांदाच 'ताई, पाया पडते' म्हटलेलं मी ऐकलं. त्या लिहिलेलं पुसायला सांगत होत्या. पलीकडून उत्तर आलं ते इतक्या सावकाश की मलाही ऐकू आलं.

"माझ्या हातात होतं तवर मी झाकलं, बाई. आता माझ्या हातात काय ठिवलंस?"

सोमवारी सकाळी मेसेज गेले आणि दुपारपर्यंत आमच्या ऑफिसची जत्रा झाली. धर्माबादचा एक बाप काउंटरवर हात आपटून विचारत होता की माझ्या पोरीच्या चालण्यात काय वाईट आहे. एका आईनं फोनवर नुसतं रडून फोन ठेवला. शिल्पा मॅडम प्रत्येकाला सांगत होत्या की केंद्राचं नवीन धोरण आहे. दर वेळी दार वाजलं की त्या आधी दाराकडं बघायच्या.

दीपमाला नेहमीच्या वेळेला आली. पण नेहमीसारखी कडेच्या बाकावर बसली नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, मॅडमच्या समोर बसली. आईबाबांना मेसेज वाचता येत नाहीत म्हणून आपणच दोघांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, असं तिनं सांगितलं. शाळेला सुट्टी टाकली होती. मॅडमनी बोलायला तोंड उघडलं, तिनं हातानंच थांबवलं.

देगलूरच्या शाखेतून आज सकाळीच घरी फोन आला होता. तिथलं एक चांगलं स्थळ आहे, कापडाचं दुकान, मुलगा वैजनाथ नावाचा, त्यानं फोटो बघूनच दीपमालाला पसंत केलं होतं. रविवारी येणार होते. पण देगलूरच्या बाईंनाही आता लातूरचं सगळं दिसत होतं, आणि त्यांनी इमानदारीनं ते पाहुण्यांना वाचून दाखवलं होतं. पाहुण्यांनी एकच विचारलं होतं, ती बहीण अजून घरातच आहे का.

"मग काय सांगितलं तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"आई म्हणली, न्हाई म्हणून सांगा." दीपमालाचा आवाज वर्गात शुद्धलेखन सांगावं तसा होता. "तू नांदेडातच खोली करून राहा, म्हणली. तुझ्या कपड्यांची बॅग बाबांनीच भरली. खाली रिक्षात हाय."

मॅडमना रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, "दीपू, मी सगळं तुझ्यासाठीच केलं गं."

"म्हाईत हाय. त्याचाच तर लई राग येतो. वाईट चिंतून केलं असतंस, तर तुला तोंडावर थांब म्हणता तरी आलं असतं." तिनं पडद्याकडं बोट केलं. "माझ्या पानावर भावंडं म्हणून तुझं नाव हाय. ते काढ."

तसं करता येत नाही, मॅडम म्हणाल्या, पाहुणे चौकशी करतात, खोटं उघडं पडतं. दीपमाला म्हणाली की खोटं कुठं आहे, कुणी विचारलंच तर बाबा सांगणार आहेत, त्या पोरीशी आमचा संबंध नाही. आणि तुला स्वतः काढायचं नसेल तर मी अंबिकाला सांगते. अंबिका म्हणजे मी. माझ्याकडं दोघींनीही बघितलं. मी कागद चाळायला लागले. एवढं मात्र मला कुणाच्या सांगण्यावरून करता आलं नसतं.

शिल्पा मॅडमनी चष्मा लावला. पान उघडलं. भावंडांच्या पुढचं स्वतःचं नाव एक एक अक्षर करून मागं खोडत नेलं आणि तिथं 'नाही' असं लिहिलं. बहीण समोरून बघत होती, पापणीही न हलवता. काम झाल्यावर ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली, बॅग वर पाठवते म्हणाली आणि निघाली. उमरीची गाडी चुकवायची नव्हती.

नवीन पद्धतीत एका शाखेनं केलेला बदल दुसरीनं खात्री करून पक्का करायचा असतो. पाच-दहा मिनिटांतच लातूरहून फोन आला. रिक्षावाला तोवर बॅग दाराशी ठेवून गेला होता. मॅडम बॅग आत ओढत होत्या म्हणून मी फोनचा स्पीकर लावून दिला. सिंधुताई म्हणाल्या, "शिल्पा, दीपमालाच्या पानावर बदल दिसून राहिला मला. चुकून झाला का? म्हण तू चुकून झाला, मी परत लावते."

"चुकून न्हाई, ताई," मॅडम म्हणाल्या. "खरं हाय ते. तिला बहीण न्हाई. पक्कं करा."