बिनगळाचा बेडूक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बेडूक आहे. माझ्या पोटाखाली पूर्वी दोन गळ होते. आता तिथे कापलेल्या तारेची दोन बुटकी टोकं उरली आहेत, तीही कानशीने घासून गुळगुळीत केलेली. मला उडी मारता येत नाही आणि ओरडताही येत नाही. ओरडता आलं असतं, तर चैत्रातल्या त्या सकाळी मी गाव गोळा केलं असतं.

माझा जन्म पांगाऱ्याच्या फांदीतून झाला. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पाण्यावर मजेत तरंगतं. चाळीसगावजवळच्या एका खेड्यात हिलाल आबा राहतात, त्यांनी मला चाकूने कोरलं. पोटात शिशाचा एक तुकडा बसवला, म्हणजे मी पाण्यात उताणा पडू नये. पाय सायकलच्या ट्यूबचे. डोळ्यांसाठी आबांच्या घरच्या ताईबाईंनी आपल्या तुटलेल्या पोतीचे दोन काळे मणी दिले. "आंधळा नका धाडू त्याले पानीमा," असं त्या म्हणाल्या होत्या. आणि माझा हिरवा रंग? तो बैलांच्या शिंगांचा. पोळ्याला शिंगं रंगवून वाटीत जो रंग उरायचा, तो दरवर्षी माझ्या पाठीवर चढायचा.

पोळ्यालाच का, त्यालाही कारण होतं. मृग लागला की आबा आपली काठी खुंटीला टांगत. त्या दिवसांत मासे अंडी घालतात, पिलं वाढवतात. पोळा होईपर्यंत कुणी कितीही गळ घातली, तरी आबा काठी उतरवत नसत. पोळा झाला की माझी पाठ रंगायची आणि आम्ही दोघं पाण्यावर जायचो.

आमचं काम मोठ्या मरळी पकडण्याचं. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, काळा, ताकदवान मासा. ती गवताच्या आडोशाला दबा धरून बसते आणि बेडूक दिसला की पाणी फोडून झेप घेते. लांबलांबचे हौशी लोक आबांना वाट दाखवायला, शिकवायला बोलवत. जाताना ते माझं कौतुक करत. "आबा, खरी जादू तुमच्या बेडकात आहे," म्हणत. माझ्या पाठीवर मरळींच्या दातांच्या कितीतरी खुणा होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता.

मग बाजारात रबरी बेडूक आले. मऊ, चकचकीत, बोट लावलं की डोळे मिचकावणारे. शिकायला येणारे आपापले बेडूक घेऊन येऊ लागले. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गंजक्या गळांच्या सोबतीला जाऊन पडलो. किती दिवाळ्या गेल्या कोण जाणे. डब्याचं झाकण उघडलं की मला वाटायचं, आज आपली पाळी. पण आबा शिशाचा तुकडा उचलायचे आणि झाकण लावायचे.

यंदाच्या चैत्रात दिपमाला आली. ती जळगावच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला सहा महिन्यांची मुलगी आहे, चिमी. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोमवारी तिला कामावर जायचं होतं. लहानपणी ती मामाच्या गावी गळाने चिंगळ्यांसारखे बारके मासे पकडायची, तेव्हापासून तिच्या मनात होतं, एकदा मोठी मरळ. एकदाच. रजेतले शेवटचे तीन दिवस तिने त्यासाठी बाजूला काढले आणि आबांना शिकवायला ठरवलं.

तिचा नवरा प्रेमराज चिमीला कडेवर घेऊन सोबत आला होता. तो हसत म्हणाला, "आबा, गाडीची शिकवणी ऐकली होती, इंग्रजीची ऐकली होती. मासे पकडायची शिकवणी आमच्याच घरात निघाली."

"तुम्ही बाळ सांभाळायची शिकवणी घ्या तोवर," दिपमाला म्हणाली.

आबांनी आधीच बजावलं, "ताई, मी मासा देस नही. मासा कोठे ऱ्हास, ते दखाडस."

पहिल्या दिवशी तर त्यांनी पाणीही दाखवलं नाही. कापूस निघालेल्या रिकाम्या शेतात एक लोखंडी घमेलं ठेवलं आणि काठी फिरवून बेडूक त्यात टाकायला लावला. दिपमालाचा रबरी बेडूक बांधावरच्या बाभळीत जाऊन बसला. दुसरा काट्यांत फाटला. तिसरा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. चिमीला मात्र हा खेळ फार आवडला. बेडूक भलतीकडे उडाला की ती खिदळायची.

शेवटी आबांनी डबा उघडला. मित्रांनो, काय सांगू! त्यांनी मला उचललं, धोतराला पुसलं आणि दोऱ्याला बांधलं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं घमेल्यावर इतकं आपटलं, की हिरव्या रंगाचे टवके उडाले. पण शेवटी शेवटी मी दर वेळी घमेल्यातच पडत होतो.

दुसऱ्या दिवशी पाणी. आबा तिला नेमकं शिकवत होते. बेडूक माशाच्या डोक्यावर टाकायचा नाही, पलीकडे टाकून चालवत आणायचा. मध्येच थांबवायचा. "बेडूक दम खास. तू बी दम खा." मरळीने तोंडात घेतलं तरी लगेच हिसका द्यायचा नाही. तिला बेडूक नीट धरू द्यायचा, मग ओढायचं. दिपमालाने दोनदा घाई केली आणि दोन्ही मरळी सुटल्या. त्या दिवशी परतताना ती वाटभर मनाशी आकडे मोजत होती, किती वेळ दम खायचा ते.

तिसऱ्या दिवशी आबा तिला लांबच्या एका तलावावर घेऊन गेले. तिथे बुडालेल्या बाभळींची खोडं होती, कडेला पाणगवत होतं. "मोठी आठेच ऱ्हास," आबा म्हणाले. प्रेमराज चिमीला घेऊन लिंबाखाली सतरंजीवर बसला. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं आणि सगळा तलाव काचेसारखा चमकत होता.

दिपमालाने काठी फिरवली. मी गवताच्या पलीकडे पडलो आणि तुरुतुरु येऊ लागलो. अर्ध्या वाटेवर ती थांबली, म्हणून मीही थांबलो.

तेव्हा मला खाली दिसलं.

माझ्याभोवती पाणी तांबूस झालं होतं. ते पाणी नव्हतं, पिलं होती! नखाएवढी, तांबडी-नारिंगी, शेकड्यांनी पिलं. सगळी एकमेकांना बिलगून श्वास घ्यायला वर येत होती आणि पुन्हा खाली जात होती. आणि त्यांच्या खाली, अजिबात न हलणारी, एक मोठी काळी सावली. तिची नजर माझ्यावर होती.

चैत्रात पिलं कशी, हे तेव्हा मला कळलं नाही. नंतर आबांच्या तोंडून कळलं. गिरणा नदीच्या पाटाचं पाणी सुटलं होतं, तेव्हा ते या तलावातही सोडलं होतं. तलाव एकदम चढला. नवं पाणी आलं, तर मरळीला वाटलं, पावसाळा आला. तिने गवतात घरटं केलं. आबांच्या हिशोबात मृगाला अजून अवकाश होता, आणि काठावरून तर उन्हाच्या चमकेत काहीच दिसत नव्हतं. ते फक्त मला दिसत होतं. पण मित्रांनो, लाकडाला ओरडता येत नाही. दिपमालाने दोरा हलवला आणि मी त्या पिलांच्या मधोमध सरकलो.

पाणी फुटलं. मी अंधारात गेलो. दात माझ्या पाठीत रुतले. मला वाटत होतं, ओढ, आत्ताच ओढ, घाई कर, म्हणजे ती सुटेल. पण दिपमाला आता शिकली होती. तिने दम खाल्ला. मरळीला बेडूक नीट धरू दिला. आणि मग ओढलं.

"लागनी! लागनी रे भो!" आबा काठावर नाचायचेच बाकी होते.

मरळ खोडांकडे धावली. काठी कमानीसारखी वाकली. दिपमालाचे पाय चिखलात घसरत होते, चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. प्रेमराज फोन काढून उभा राहिला. तेवढ्यात लिंबाखाली चिमी रडायला लागली.

आणि एक पाणकावळा पाण्यात घुसला. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत काहीतरी तांबडं वळवळत होतं. दुसरा आला. गवताच्या कडेने दोन बगळे चालत आले.

आबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांचा आवाजच बदलला. "पोरी... पिलं शेतस. बठ्ठा पिलं शेतस."

"म्हणजे?"

"जी तुन्हा गळले शे, ती पिलांवर पहारा देई ऱ्हायंती. आते कोनी नही तठे."

पहारा उठला होता आणि पाखरांना ते कळलं होतं.

"दोरा कापून टाका ना!" प्रेमराज ओरडला.

"कापू नको!" आबा त्याच्याहून मोठ्याने ओरडले. "दोरा खोडले गुतना शे. तठेच बांधायेल ऱ्हाई, मरी जाई. भाऊ, तुम्ही त्या पाखरं हाका! पोरी, दोरा सैल नको, ताठ बी नको."

आणि आबा कपड्यांसकट पाण्यात उतरले.

प्रेमराजने चिमीला खांद्यावर टाकलं, जेवणाच्या डब्याची थाळी उचलली आणि चमच्याने बडवत काठाने धावू लागला. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकतात तसा तो गळा फाडून हाकारत होता, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ होऽऽ!" चिमी दचकून गप्प झाली, मग पुन्हा रडू लागली. बगळे उडाले. पाणकावळे दूर जाऊन बसले, पण गेले नाहीत. प्रेमराज दम घ्यायला थांबला की ते पुन्हा येत.

दिपमाला हलली नाही. तिच्या कानावर चिमीचं रडणं येत होतं. पण दोरा तिने सैलही होऊ दिला नाही आणि ताठही.

आबा छातीभर पाण्यात दोऱ्यावरून हात फिरवत खोडापर्यंत आले. एकदा पाय घसरून पार बुडाले. दिपमालाने "आबा!" अशी हाक मारली. ते वर आले, थुंकले आणि पुन्हा चाचपू लागले. दोऱ्याचे वेढे एकेक करून सुटले. मरळ थकली होती. माझ्या पाठीवरचे दात ढिले पडत होते, आणि ती मरते की काय, याचीच मला भीती वाटत होती.

दिपमालाने तिला गुडघाभर पाण्यात आणलं आणि दोन्ही हातांवर झेललं. बोटांपासून खांद्यापर्यंत पोचेल एवढी मरळ. लहानपणापासून मनात होती ती. प्रेमराजने लांबून फोन दाखवून हाताने विचारलं, फोटो?

"फोटो नको! आबा, पक्कड घ्या, पक्कड!" दिपमाला ओरडली.

आबांनी मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. पक्कड पाण्याखाली घातली. कट्. कट्. माझे दोन्ही गळ पोटापासून तुटले. त्यांचे तुकडे आबांनी ओठातून टोकाच्या बाजूने अलगद काढून घेतले. मी मोकळा होऊन वर तरंगलो.

मरळ मात्र हातांवर तशीच पडून राहिली. कल्ले हलत नव्हते.

"आई आहे ना हो ती?" दिपमालाने विचारलं.

"माय शे का बाप, कोनले ठाऊक. मरळना दोन्ही राखतस."

दिपमालाने काठाकडे पाहिलं. प्रेमराजचा आवाज बसला होता, तरी तो थाळी बडवत होता. चिमी त्याच्या खांद्यावर हुंदके देत होती. दिपमाला खाली वाकली आणि मरळीला पाण्यात हळूहळू पुढेमागे करू लागली, पाळण्याला झोका द्यावा तशी. "चल ना गं. चल ना. वाट बघतायत."

एक कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला. शेपटीचा एक फटका बसला, दिपमालाच्या तोंडावर चिखलाचं पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

दिपमालाने चिमीला पदराखाली घेतलं आणि सगळे गवताकडे बघत बसले. एक पाणकावळा घिरट्या घालत खाली उतरला. अगदी पाण्याजवळ आला. आणि एकदम पाणी उसळलं! काळं डोकं वर आलं आणि पाणकावळा पंख झोडत पळाला.

मग गवतापाशी तांबूस डाग पुन्हा थरथरू लागला. आधीपेक्षा तो लहान होता, मित्रांनो. बराच लहान. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

"मी पंचांग दखं," आबा धोतर पिळत म्हणाले, "पानी दखं नही." त्या दिवसापासून कुठल्याही तलावावर गेले की ते आधी काठावरच्या माणसांना विचारतात, पाटाचं पाणी कधी आलं होतं? आणि उन्हाची चमक उतरेपर्यंत काठी उघडत नाहीत.

निघताना दिपमालाने मला मागून घेतलं.

"गळ तुटना त्याना. काय करशी त्याले?" आबांनी विचारलं.

"तसाच हवाय," ती म्हणाली. आबांनी माझ्या तारा तिथेच कानशीने घासून दिल्या, पोटातलं शिसं काढलं आणि उरलासुरला रंगही खरवडला.

आता मी जळगावात चिमीच्या आंघोळीच्या टबात असतो. सोमवारी तिची आई कामावर गेली, तेव्हा मला मुठीत धरूनच चिमी झोपली. तिला दोन दात आले आहेत. मरळीच्या दातांच्या खुणांशेजारी तिनेही आपल्या खुणा केल्या आहेत. येत्या पोळ्याला मला कुणी रंगवणार नाही, रंग बाळाच्या पोटात जाईल म्हणून. कधी कधी तलावाची आठवण येते. टबाचं पाणी कोमट आहे, पण त्याला तळ फार लवकर लागतो.

मित्रांनो, तुम्ही सुट्टीत गावी जाल. तलावावर, धरणावर, नदीच्या डोहावर जाल. तिथे पाण्यावर एखादा तांबूस डाग थरथरताना दिसला, तर गळ टाकू नका, जाळं टाकू नका, गंमत म्हणून खडाही मारू नका. हातातलं खाली ठेवा आणि पाऊल न वाजवता मागे या. तुम्हाला दिसत नसलं, तरी त्या डागाखाली कुणीतरी जागं आहे.