आठवा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगते, माझं इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं. बाकीचं विचारू नका. डावा दरवाजा नायलॉनच्या दोरीनं बांधलेला आहे, वायपर एकच उरला आहे आणि माझ्या अंगाला मासळीचा वास येतो. तो कितीही धुतलं तरी जात नाही. सध्या मी एका मोहाच्या झाडाखाली उभी आहे. समोर वैनगंगेचं पात्र आहे आणि त्याच्या पलीकडे माझं गाव आहे. इथून आमच्या घरामागचं चिंचेचं झाड दिसतं. गेले दोन-अडीच महिने मी रोज तेच झाड बघते आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग हिरवा होता आणि माझ्यात एक खास गुण घातला होता. साध्या गाडीचं इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं, पुढची बिचारी नुसती सोबत पळतात. माझ्या गिअरच्या शेजारी मात्र आणखी एक छोटी दांडी आहे. ती ओढली की पोटाखालचा एक लांब लोखंडी शाफ्ट फिरू लागतो आणि पुढची चाकंही जोर लावतात. माझी पहिली काही वर्षं तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे गेली. गडचिरोलीच्या जंगलात जिथे बैलगाडी कुरकुरायची तिथून मी पोती भरून वर यायची. पुढे त्यानं मला विकायला काढलं आणि इस्तारीभाऊनं घेतलं.

इस्तारीभाऊ ढिवराचा, म्हणजे मासेमारांच्या जातीचा. तळ्यातली मासळी पेट्यांत बर्फ घालून मूल या गावच्या बाजारात न्यायची, आणि परतताना माणसं आणायची, हा आमचा धंदा. त्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर दर हिवाळ्यात ड्रायव्हर लोकांचा एकच वाद रंगायचा. थंडीच्या दिवसांत गाडी मागच्या चाकांवर चालणारी बरी, की चारी चाकांवर चालणारी? आमच्याकडे थंडीत बर्फ पडत नाही, मित्रांनो. पण धान कापलेल्या बांध्यांत ओल राहते, सकाळी दवानं माती साबणासारखी निसरडी होते आणि नदीत रेती उघडी पडते. कुणी डिझेलचा हिशेब मांडायचा, कुणी टायरचा. इस्तारीभाऊ बशीतला चहा संपवायचा आणि मग म्हणायचा, "डांबरीवर मांगची दोन चाकं पुष्कड झाली. पन रेतीत मांगून ढकलनारा बी पायजे अन् समोरून ओढनारा बी पायजे. एकट्याचं काम नोहे ते." हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

आमच्या नदीवर जवळपास पूल नाही. पौषात धानाची मळणी उरकली की दोन्ही काठांची गावं मिळून रेतीवर तणस अंथरतात, म्हणजे धानाचा पेंढा. घरटी पाच पेंढ्या द्यायच्या. अर्धी वाट इकडच्या गावानं करायची, अर्धी तिकडच्यांनी, आणि मधोमध लाल फडकं बांधलेला बांबू रोवायचा. ज्याची गाडी तणस उखडेल त्यानं ते पुन्हा अंथरून द्यायचं, असा नियम आहे. नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

त्या वाटेवरची मी राणी होते! चाकांना रेतीत पकड यावी म्हणून काठावर थांबून इस्तारीभाऊ बाभळीच्या काट्यानं व्हॉल्व्ह दाबून टायरांतली थोडी हवा सोडायचा, छोटी दांडी ओढायचा, आणि मी तणसावरून सळसळत पलीकडे. तिकडच्या जंगलातल्या गावची माणसं मोहफुलं, चारोळी, लाखेच्या टोपल्या घेऊन माझी वाट बघत असायची. पुढच्या सीटवर इस्तारीभाऊची मुलगी रोशनी बसायची. भाडं गोळा करायचं काम तिचं, आणि बापाला "बाबा, हळू" म्हणायचं कामही तिचंच.

या येण्याजाण्यातच तिला पलीकडचा सुनिल आवडला. तो गोंडाचा, बुधूचा मुलगा. रोशनीनं बापाला न विचारता त्याच्याशी लग्न केलं. इस्तारीभाऊ ओरडला नाही. त्यानं तिला एवढंच सांगितलं, "या घराची पायरी आता चढू नोको." ती गेली. तिची आई मैनाबाई दोन दिवस चुलीपाशी गेली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात इस्तारीभाऊनं मला सिंदेवाहीच्या लच्छू मिस्त्रीकडे नेलं आणि पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून टाकायला सांगितलं. लच्छू चक्रावला. "काऊन भाऊ? नदीतून कसा जाशीन मंग?"

"नदीत जातेच कोन? डिझेल वाचन."

दोन्ही टोकांचे चार-चार असे आठ बोल्ट निघाले आणि माझा शाफ्ट बाहेर आला. घरी आणून त्यानं तो गोठ्यात टाकला. त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या. डिझेल खरंच वाचलं, खोटं कशाला बोलू? डांबरी रस्त्यावर मी हलकी पळायची. लोक म्हणायचे, इस्तारीनं शहाणपणा केला. पण नदीकाठच्या वळणावर आले की माझी पुढची चाकं आपोआप रेतीकडे ओढ घ्यायची आणि इस्तारीभाऊ स्टिअरिंग घट्ट धरून मला डांबरीवर ठेवायचा. कधी कधी त्याचा हात सवयीनं त्या छोट्या दांडीवर जायचा आणि तसाच मागे यायचा. तीन हिवाळे असे गेले. तिन्ही हिवाळ्यांत तणसाची वाट झाली, आणि मैनाबाईनं पाचाऐवजी सहा पेंढ्या दिल्या. सहावी कुणाची, ते गावात कुणी विचारलं नाही.

या पौषात पलीकडच्या गावची मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाचा मोठा सण. त्या दिवशी लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे येतात. मैनाबाईला कुणीतरी सांगितलं की रोशनीची लेक आचल आता चालायला लागली. मंडईच्या सकाळी ती लुगडं बदलून, डब्यात करंज्या भरून अंगणात उभी राहिली.

"मी जाऊन राह्यली," ती म्हणाली.

"गुडघा दुखते ना तुहा. पायी कुठी जाशीन?"

"मंग काय करू? तुमची गाडी तं रेतीत चालत नाई आता."

हे मात्र त्याला झोंबलं. माझ्या देखत झोंबलं, म्हणून मलाही बरं वाटलं. लच्छूला बोलावून अर्ध्या दिवसात शाफ्ट बसवता आला असता. पण गोठ्यातून शाफ्ट निघाला असता तर इस्तारीनं माघार घेतली, हे साऱ्या गावाला कळलं असतं. तो म्हणाला, "बस. मांगच्या चाकाइवर नेतो."

मित्रांनो, ही चूक तुम्ही करू नका. टपरीवर ज्यानं साऱ्यांना शिकवलं, तोच माणूस ती चूक करत होता.

अर्धी वाट मी नेटानं कापली. ऊन चढलं होतं, दव सुकून रेती सैल झाली होती. लाल फडक्याच्या बांबूपाशी तणस पातळ होतं, आणि तिथं माझी मागची चाकं फसली. इस्तारीभाऊनं जोर दिला तशी ती आणखी खोल गेली. पेंढा उडाला. मग त्यानं ती छोटी दांडी ओढली. सवयीचा हात, त्याला शाफ्ट काढल्याचं भान राहिलं नाही. दांडी पडली, पण पुढे काहीच झालं नाही. माझी पुढची चाकं मुकी उभी होती. त्या क्षणी मला इतकं रडू आलं की सांगता येत नाही. तीन वर्षांनी त्यानं मला हाक मारली होती आणि माझ्याकडे ओ द्यायला काही नव्हतं. त्यानं पुन्हा पुन्हा जोर दिला. शेवटी क्लचप्लेट जळाली, धूर निघाला आणि मी बंद पडले.

मंडईच्या ढोलाचा आवाज तिकडून येत होता. तो थांबला. पलीकडून सुनिल आणि त्याचा बाप बुधू बैलजोडी घेऊन रेतीतून आले. मागून कडेवर पोर घेऊन रोशनी.

"जोहार, सोयरे," बुधू म्हणाला. त्यानं दोर माझ्या पुढच्या बंपरला बांधला. समोरून बैलांनी ओढलं, मागून सुनिलनं खांदा लावला, आणि मी निघाले. जे काम माझ्या पुढच्या चाकांनी करायचं ते त्या दोन बैलांनी केलं. मैनाबाई नातीला उराशी धरून चालली होती. रोशनी बापाच्या शेजारून चालली, पण दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

संध्याकाळी इस्तारीभाऊ आणि मैनाबाई बुधूच्या बैलगाडीतून घरी परतले. तेव्हापासून मी इथे आहे, बुधूच्या अंगणातल्या मोहाखाली. या गावाला गाडीरस्ता नाही, मागे जंगल आणि तीन नाले आहेत. घरी जायला एक नदी, आणि नदीला चारी चाकं लागतात.

दुसऱ्या दिवशी इस्तारीभाऊ डोक्यावर तणसाचा भारा घेऊन आला आणि उखडलेली वाट त्यानं एकट्यानं अंथरून दिली. तो नियमच होता. मग म्हणाला, "आलोच हावो तं गाडी पाहून जातो." पुढच्या आइतवारी, म्हणजे रविवारी, लच्छूला आणून क्लचप्लेट बदलली. त्याच्या पुढच्या आइतवारी तो शाफ्ट खांद्यावर घेऊन आला. कोंबड्यांची घाण घासून काढलेली, वर तेलाचा हात फिरवलेला. मी हरखून गेले! पण बोल्ट म्हणे सापडेनात.

"एकच सापडला," त्यानं सांगितलं. तो बसवला, चहा घेतला, आचलला मोहाच्या सावलीत खेळवलं आणि गेला. पुढच्या आइतवारी आणखी एकच सापडला. मग त्याच्या पुढच्याला आणखी एक. आठही बोल्ट एकाच डालड्याच्या डब्यात ठेवले होते, मित्रांनो. ते त्यानं माझ्या डोळ्यांदेखत त्या डब्यात टाकले होते. मला सगळं कळत होतं. रोशनीलाही कळत असावं, कारण आइतवारी ती सकाळीच अंगण सारवून ठेवायची आणि तळलेली मासळी करायची, तीही बापाला आवडते तशी, आंबट घालून.

मला घरची ओढ होती. ते चिंचेचं झाड, मूलचा बाजार, टपरीवरचा वाद, सगळ्याची आठवण यायची. तरी दर आइतवारी तो एकच बोल्ट घेऊन आला की मला हायसं वाटायचं. सात बोल्ट झाले. आठवा गेल्या आइतवारी आलाच नाही, पण इस्तारीभाऊ खाली वाकला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात तो वाजला. मी ऐकला.

आज पुन्हा आइतवार. नदीतलं तणस उन्हानं पिवळं पडून विरत चाललं आहे, होळी आली की ही वाट मोडेल. इस्तारीभाऊ सकाळीच आला. माझ्याखाली सरकला, सात बोल्ट उगाच एकेक आवळून बघितले. रोशनी चहा घेऊन आली आणि माझ्या चाकाशी उकिडवी बसली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"गाडी सुरू झाली की तुमी येनं बंद करान का?"

माझ्या पोटाखाली पाना थांबला. तिथं खाली त्याचा चेहरा फक्त मलाच दिसत होता, आणि तो मी कुणाला सांगणार नाही.

"गाडीसाठी नाई येत होतो व मी," तो खालूनच म्हणाला.

"मले मालूम हाय."

मग त्यानं खिशातून आठवा बोल्ट काढला आणि बसवला. दोनदा आटा चुकला. बाहेर येऊन त्यानं कपड्यांवरची माती झटकली. "तुह्या मायनं भात मांडला असन," तो म्हणाला. "त्या दिवशी जे बोललो ते मांगं घेतो. पोरीले घे. घरी चाल."

रोशनी रडायला लागली आणि रडतारडता घरात पळाली, आचलला अंगडं घालायला. सुनिल बैलांना वैरण टाकतो आहे, तोही येणार आहे. इस्तारीभाऊ माझ्या टायरांपाशी बाभळीचा काटा घेऊन बसला आहे. हवा सुटतानाचा तो सूंऽऽ आवाज मी तीन वर्षांनी ऐकते आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरच्या गोठ्यात किंवा माळ्यावर रागाच्या भरात काढून टाकलेलं काहीतरी पडलं असेल. त्याच्यावर कोंबड्या बसू देऊ नका. अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि त्याचे बोल्ट एका डब्यात जपून ठेवा. गंज चढायला तीन हिवाळे पुष्कळ होतात.

रोशनी आली. पुढच्या सीटवर बसली, पोर मांडीवर घेतली. इस्तारीभाऊनं चावी फिरवली, मी पहिल्या हाकेला ओ दिली. काठाच्या उतारावर तो थांबला आणि त्यानं छोटी दांडी ओढली. पुढच्या चाकांनी रेती धरली.

"बाबा, हळू," रोशनी म्हणाली.