कातड्यावरची बोटं

मित्रांनो, मी कोरीट गावातला एक म्हातारा ढोल आहे. उदेसिंगच्या घरी आढ्याला टांगलेला असतो. माझं अंग शिवणीच्या लाकडाचं. उदेसिंगच्या आजोबांनी ते खोड डोंगरातून खांद्यावर आणलं, महिनाभर कोरलं आणि दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं चढवलं. तेव्हापासून बापाने मुलाच्या गळ्यात मला अडकवायचं, अशी या घरची रीत पडली.

माझे कष्टाचे दिवस चांगले गेले. होळीला वाजलो, लग्नांत वाजलो. कुणी वारलं तरी मलाच बोलावणं यायचं. वाजवण्याआधी उदेसिंग मला उन्हात ठेवायचा आणि कातडं तापलं का, ते गाल लावून बघायचा. त्याचा ठेका दुरून ऐकूनही लोक ओळखत, उदेसिंग आला.

मग डीजेच्या गाड्या आल्या. लग्नात मला कुणी विचारेना. उदेसिंगचा पंचवीस वर्षांचा मुलगा भटू केळीचे घड उतरवायच्या कामाला जाई. एका वरातीत तो डीजेमागे नाचताना बापाला दिसला. त्याच आठवड्यात भटूने ढोल शिकवा म्हणून बापाला विचारलं. उदेसिंगने ताटावरून मान वर केली नाही.

"जो डीजेना मांगे नाचस, त्याले मन्हा ढोल कसाले जोयजे?"

भटू उठून बाहेर गेला. त्यानंतर बापलेक कामापुरतंच बोलत.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. दुपारी घरात कुणी नसलं की भटू मला खाली काढायचा, मांडीवर आडवं घ्यायचा आणि काठीशिवाय, नुसत्या बोटांनी, हळू आवाजात बापाचा ठेका धरायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात त्याला तो जमला. हे उदेसिंगला सांगावं असं फार वाटे. पण ढोलाला स्वतःहून बोलता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत भटूला साप चावला. नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेत वाजवणं तुझ्याच्याने होणार नाही, दुसऱ्या गावचा वाजवणारा आणू, असं लोकांनी उदेसिंगला समजावलं. त्याने मला गळ्यात घातलं.

"मन्हा पोऱ्या शे. मीच वाजाडसू."

त्या दिवशी त्याने मला तापवलंही नाही. नदीपर्यंत तो इतक्या जोराने वाजवत गेला, की माझं एका बाजूचं कातडं फाटलं.

महिन्याने त्याने मला नंदुरबारला हबीबभाईंकडे नेलं. ते ढोल-ताशे मढवतात. फाटक्या कातड्यावरून हात फिरवताना ते थांबले. कडेला बोटांचे काळपट डाग होते. तू तर काठीने वाजवतोस, मग केळीच्या चिकाने माखलेल्या हातांनी हा ढोल कोण वाजवत होता, असं त्यांनी विचारलं. उदेसिंगने एकेका डागावर आपलं बोट ठेवून पाहिलं. डाग ठेक्याच्याच जागी होते.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," तो म्हणाला. "मन्हा पोऱ्याना हातना डाग शेतस. कातडं बदलू नको."

त्याने मला तसंच फाटकं घरी आणलं. आता कुणी वारलं की बाहेरचा ढोल येतो. भटूची आई फुलीबाई मला पुसते, पण त्या बाजूला फडकं लावत नाही.

मित्रांनो, घरातल्या वाद्यांना ऊन दाखवा, त्यांना ओल लागू देऊ नका. आणि घरातल्या कुणी वाद्य मागितलं, तर राग गिळून ते त्याच्या हातात द्या, समोर बसून ऐका. उदेसिंगने आपल्या मुलाचा ठेका कधी ऐकलाच नाही. मी ऐकला. तो चांगला वाजवत होता.