फोटोतले गोळे

कैलाशचं वागणं गिरजाबाईच्या डोक्यात गेलं होतं. बारावी शिकलेला, चाळिशी उलटलेला बाप्या, आणि गावात आलेल्या भूपेंद्रमहाराजापुढे हात जोडून उकिडवा बसलेला! आईनं हाक मारली तर "थांब ना वो माय" म्हणून हात झटकतो.

आसगावच्या खळ्यात सगळं गाव लोटलं होतं. दिवस मावळत होता. मळणीयंत्र नुकतंच थांबलेलं, धानाचा भुसा अजून अंगाला चावत होता. मधोमध पाटावर कैलाशची लेक दामिनी, तेरा वर्षांची. तिला फिट यायच्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर दोन वर्षं एकही आली नव्हती. पोरीला बाधा झाल्याचं सांगून महाराजानं त्या गोळ्या परवापासून बंद करवल्या. तेव्हापासून गिरजाबाई धड जेवली नव्हती, एका जागी बसली नव्हती. नजर नातीच्या हातावर. फिट यायच्या आधी पोरीचा अंगठा थरथरायचा.

महाराजाकडे पोथी नव्हती, कॅमेरा होता. खिशात मावेल एवढा, बटण दाबलं की भिंगाचं नाक लांब करणारा. सकाळी त्यानं तळ्यापलीकडचा बगळा दाखवला होता, चोचीतल्या मासोळीसकट. गाव तिथंच गार झालं.

"आता पाहा, बाधा सोता हजर होते!" त्यानं बटण दाबलं, लख्ख उजेड झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दामिनी, आणि तिच्या डोक्याभोवती सात-आठ पांढरे, धूसर गोळे.

"अतृप्त आत्मे! परदेशी भिंग हाये, आत्म्याले लपता येत नाई!"

बायका मागं सरकल्या. महाराजानं तीर्थ शिंपडलं, सगळ्यांना डोळे मिटून एकशे आठदा नाम घ्यायला लावलं, मग पुन्हा बटण दाबलं. आता गोळे दोनच.

"पाहिलं? हेही जातीन. पण गोळ्या खाल्ल्या, तं सारे वापस येतीन."

सगळ्यांनी फोटो पाहिला होता. गिरजाबाईनं उजेड पाहिला होता, आणि त्या उजेडात तरंगणारा भुसा. तिनं कोपऱ्यातलं भुशानं भरलेलं सूप उचललं.

"महाराज, माहा फोटो काढा."

"तुमाले बाधा नाई, आजी."

"न पाहताच समजलं? मंग कॅमेरा कायले पायजे?"

लोक हसले. महाराजाला बटण दाबावंच लागलं. त्याच क्षणी गिरजाबाईनं कॅमेऱ्यापुढे सूपभर भुसा उधळला. पडदा गोळ्यांनी गच्च भरला.

"बाप्पा! एवढे तं आमच्या कुळात मेलेच नाई!"

महाराज पुटपुटला, "कोप झाला, कोप."

"थो उजेड बंद करून काढा."

"शक्ती निंघून जाईन."

"शक्ती नाई, फ्लॅश!" दामिनी पाटावरून उठली, तिनं महाराजाच्या हातातल्या कॅमेऱ्यावरच्या विजेच्या खुणेवर बोट दाबून उजेड बंद केला. "आमच्या शाळेतल्या मॅडमजवळ असाच हाये." पुन्हा सूप, पुन्हा भुसा, बटण तिनंच दाबलं. फोटो काळपट आला. गोळा एकही नाही.

गिरजाबाई गावाकडे वळली. "मले रोडवरची एसटी दिसते, सुईचं नाक दिसत नाई. याचंबी तसंच. दूरचा बगळा साफ, नाकापुढचा कण धूसर. उजेडाचा दिवा भिंगाले चिकटून. जवळच्या कणावर उजेड पडला का कण फुगून गोळा दिसते. यानं पानी शिंपडलं, तुमाले नाम घेत बसवलं, तवरिक धूळ खाली बसली. झाला आत्मा शांत!"

महाराज कॅमेरा खिशात कोंबून फाटकाकडे निघाला. कुणी अडवलं नाही, कुणी पायाही पडलं नाही.

तेवढ्यात दामिनीचा अंगठा थरथरला. कैलाशनं ते पाहिलं. त्याचा चेहरा भुशासारखा पिवळा पडला.

"माय..."

गिरजाबाईनं नातीला कुशीत घेऊन खाली बसवलं. ओच्यात तीन दिवस जपलेली गोळ्यांची डबी तिनं लेकाच्या हातात आदळली.

"गाडी काढ, डाक्टरकडे चाल. अन् आयक, कैलाश. कॅमेरा मशीन हाये, त्याले नाकापुढचं दिसत नाई. तू बाप हायेस. दोन वरीस पोरगी पडली नाई, हे तुह्या नाकापुढं होतं. तू या गोळेवाल्याचं आयकून गोळ्या बंद केल्या! कोनी चमत्कार दाखवला तं हात जोडाच्या आधी इचाराव, हे कसं झालं? मी दुसरीतून शाळा सोडली. पण आजपासून या घरात अडानी मी नाई. तू."