बुडवून पाहिलेली बॅग

दोघी जावांच्या बॅगांच्या कारखान्याला पहिली मोठी ऑर्डर आली होती, आणि लेबलवरच्या एका शब्दावरून धाकटी अडून बसली होती. दुकानदाराला ‘वॉटरप्रूफ’ हवं होतं. धाकटी ‘वॉटर-रेझिस्टंट’च्या पुढे जायला तयार नव्हती.

“दोन्ही एकच गं. उगाच काथ्याकूट करतेस,” थोरली म्हणाली.

धाकटीने आत कागद घालून एक बॅग नळाखाली धरली. पाणी ओघळून गेलं, आतला कागद कोरडा राहिला. मग तीच बॅग तिने बादलीत दाबून धरली. हळूहळू तळाच्या शिवणीतून पाणी झिरपलं आणि कागदाचा लगदा झाला.

“पावसाला ही पुरून उरते, जाऊबाई. पण वॉटरप्रूफ म्हणायचं तर बुडाली तरी आत थेंब जाता कामा नये.”

“बादलीत कोण बुडवतंय ती?”

“त्या दुकानदाराची निम्मी गिऱ्हाइकं नावाडी आहेत.”

तेवढ्यात दुकानदाराचाच फोन आला. माल विकण्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी ऑर्डर पक्की होती. लगद्याकडे बघत ती म्हणाली, “वॉटरप्रूफ नाही छापणार. पाऊस झेलेल, बुडाली तर भिजेल. आमच्या धाकटीने बुडवून पाहिलंय, आणि तिने पाहिलं म्हणजे पाहिलं.”

“मग नावाड्यांच्या वगळा,” दुकानदार म्हणाला. “निम्म्याच पाठवा.”

“निम्मी ऑर्डर गेली,” धाकटी पुटपुटली.

“जाऊ दे. राहिलीय तिच्यावर आपलं नाव आहे,” थोरली म्हणाली. छापखान्याला फोन लावताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.