स्टेटसपुरता आवाज

"आयचा आवाज हाय का गो तुझ्याकडं?"

भरतने विचारलं तेव्हा सारिका सासूच्या बाराव्याची भांडी घासत होती. हातातलं पातेलं विसळून तिने पालथं घातलं आणि मग वर पाहिलं.

"कशाला?"

"स्टेटसला लावायचाय. नुसता फोटो बरा नाय दिसत."

"मी पाठवलेले असतील की तुमच्याकडं."

"मोबाइल बदलला ना मी. जुना समदा गेला."

सारिका पुढचं पातेलं घासू लागली.

लग्न झालं त्या वर्षी भरत गोरेगावला वॉचमनच्या नोकरीवर परत गेला आणि फोनवर म्हणाला होता, "हितं करमत नाय गो. वाडीचा कायतरी आवाज पाठवत जा." तिला हसू आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने झऱ्यावर हंड्यात पडणारं पाणी रेकॉर्ड करून पाठवलं. मग रानातून परतणारी गुरं, पोलादपूरचा बाजार, कशेडीच्या जुन्या घाटात चढणीला लागलेला एखादा ट्रक. बोगदा झाल्यापासून तिकडे गाड्या कमीच, त्यामुळे एकटा ट्रक लांबवर ऐकू यायचा. आधी आवाजात वाराच भरायचा. मग ती फोनवर पदराचा आडोसा धरायला शिकली, श्वास रोखून उभी राहायला शिकली. कुठेही गेली तरी आधी कान द्यायची.

सासू मैनाबाई सुरुवातीला तिला खुळी म्हणायची. पुढे भारद्वाज घुमला तरी तीच खोकला दाबून बोट वर करायची. "आयक. परसात कुकुडकोंबा घुमतोय. भरताला धाड."

दोघींचा दिवस त्यातच जायचा. सासू-सुनेत एरवी बोलायला तरी काय होतं!

मागच्या दिवाळीत दिराची मुलगी श्रुतिका महाडच्या कॉलेजातून सुट्टीला आली. सारिकाच्या हातातला फोन बघून सहज म्हणाली, "काकी, समोरच्याने ऐकलं की हा छोटा माईक निळा होतो."

सारिका वर वर सरकवत गेली. सगळे माईक राखाडी. झऱ्याचा, गुरांचा, बाजाराचा. पार वर, अगदी पहिल्या दिवसांतले तेवढे निळे. वर्षानुवर्षं ती श्वास रोखून उभी राहिली होती, आणि तिकडे कोणी ऐकतच नव्हतं.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. भरतलाही विचारलं नाही. पाठवणं थांबवावं असं फार वाटलं. पण सकाळी मैनाबाईने बोट वर केलं आणि तिने फोन काढला.

आता भांडी झाल्यावर तिने पदराला हात पुसले आणि फोन भरतसमोर धरला. पावसाळ्याआधीचा एक आवाज लावला. अंगणात खराटा फिरत होता, कोंबड्या कलकलत होत्या. खराटा थांबला.

"भरता, काजू वेचून संपल्या रे. औंदा तू आला नायस." मग खोकला. मग हलक्या आवाजात, सुनेला: "ह्यो ऐकतो का गो खरंच?"

"ऐकतात ना, आय. रोज ऐकतात." हा सारिकाचाच आवाज.

"मग बोलत कसा नाय कधी त्याच्यावर?"

पुन्हा खराटा सुरू झाला.

भरतने अंगठ्याने डोळ्याची कड पुसली. सारिका वाट पाहत होती. एवढ्या वर्षांत त्याने विचारायचं राहिलेलं काहीतरी आता तो विचारेल, असं तिला उगाच वाटलं.

"मधला तेवढा काढता येतो का गो?" तो म्हणाला. "तुमचा दोघींचा बोलणा. लोकांना कशाला?"

"येतो," सारिका म्हणाली. "श्रुतिकाला सांगा."

श्रुतिकाने ते लगेच करून दिलं. संध्याकाळी सारिकाने चुलीपुढे बसून ते स्टेटस पाहिलं. फुलांच्या चौकटीत मैनाबाईचा फोटो, खाली हात जोडलेले. खराटा, कोंबड्या, 'भरता, काजू वेचून संपल्या रे', आणि लगेच पुन्हा खराटा. जिथे कापलं होतं तिथे एका कोंबडीचा आवाज अर्ध्यात तुटला होता.

"लई क्लियर आलाय गो," ओटीवरून भरत म्हणाला. "ऐकून आमचा सुपरवायझर पण रडला."

"हां," सारिका म्हणाली आणि तांदूळ वैरले.