क्वालिस नव्हे, काळीज

मी क्वालिस बोलतेय. जरा घाईघाईत बोलतेय, रागावू नका. आज मला न्यायला ट्रक यायचाय, आणि तो एकदा आला की माझं बोलणं राहूनच जाईल.

तशी घाई हा माझा जुना स्वभाव. मला एका जागी बसवत नाही. माणसांच्या पायाला एखादी भिंगरी असते, मला तर चार आहेत. आणि तरी गेली काही वर्षं मी आगरदांड्यापासून आत, साळवाडीत, रखमाकाकीच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे. टपावर कोंबड्या बसतात, चाकाशी कुत्रं झोपतं. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की माझा जीव नुसता वरखाली होतो. कुठं चालली असेल, कुणाला घेऊन चालली असेल, वळणावर हॉर्न तरी वाजवील की नाही मेली.

घराणं म्हणाल तर मोठं. जपानात एका सुताराच्या मुलाला आईचे मागावरचे कष्ट बघवेनात, म्हणून तो नवनवे माग बनवत बसला. असा माग बनवला, की धागा तुटला तर तो आपला आपण थांबायचा. त्याच्या मुलानं पुढं मोटारी काढल्या. आडनाव टोयोडा. गाड्यांना नाव देताना त्यांनी ‘ड’चा ‘ट’ केला, कारण त्यांच्या लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ आकडा त्यांच्याकडे शुभ. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाला की माणसं मरतात; तिथं ‘ड’चा ‘ट’ झाला आणि जगभर गाड्या धावल्या. हे सगळं मांडव्याहून आणलेल्या एका पाहुण्यानं माझ्या धन्याला, धाकूला सांगितलं. धाकूनं ते पुढच्या प्रत्येक सीटला, म्हणजे पॅसेंजरला, सांगितलं, दर खेपेला थोडं वाढवून. रखमाकाकीच्या घरात माझ्याही नावाचं असंच काहीतरी झालं, आणि त्यापायी एक जीव टांगणीला लागला. तेच तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म बंगळूरजवळ बिडदीच्या कारखान्यातला. तिथून आले थळला, एका ठेकेदाराकडे. साहेबलोकांची ने-आण करायची, काचा वर करून. धाकू तेव्हा माझा ड्रायव्हर. ठेकेदाराला पुढं नवी गाडी हवीशी वाटली, तेव्हा धाकूनं मला मागून घेतलं आणि साळवाडीला आणलं. त्याच्या बायकोनं, रखमाकाकीनं, माझ्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि विचारलं, “हिचा नाव काय?”

“क्वालिस,” धाकू म्हणाला.

“काळीज?”

“क्वा-लिस.”

“तेच तं बोलते. काळीज.”

धाकूनं नाद सोडला. त्या दिवसापासून मी काळीज. “काळीज धुतला का?” “काळजात डिझेल हाय ना?” “काळीज घेऊन जाताव तं येताना कांदे आना.” सगळी साळवाडी हसायची, आणि मला, खरं सांगू, ते नाव आवडायचं.

मग सुरू झालं माझं खरं आयुष्य. दिघीहून जंगलजेटी, ती खाडीपल्याडची गाड्या-माणसं आणणारी बोट, आगरदांड्याला लागली की धाकू ओरडायचा, “मुरूड, अलिबाग, मांडवा!” माणसं भरायची. माणसांची गंमत सांगते. दार हळू लावा म्हटलं की हमखास आपटतात. जागा असते तोवर ‘जरा सरका’ म्हणतात, आणि स्वतः बसले की ‘आता भरली गाडी, चला’ म्हणतात. मी नवऱ्या आणल्या, पेणहून गणपती आणले, आणि पेशंट नेले. पेशंटसाठी धाकूची एक रीत होती. आमचा रस्ता एका गाडीपुरता, त्यात वळणं. पेशंट असला की गावापासून हमरस्त्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढायचाच नाही. लांबलचक, न तुटणारा हॉर्न ऐकला की शेतातली माणसं धावत येऊन वाटेतली बैलगाडी, गुरं, मोटरसायकल बाजूला घ्यायची. का, कोण, कुणी विचारायचं नाही. माझ्यात तिघींची बाळंतपणं वाटेतच झाली, पण वाट अडली म्हणून कुणी दगावलं नाही.

धाकू स्वतः मात्र माझ्यात नाही गेला. त्याला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, मशीनवर ठेवला. रखमाकाकी काचेतून बघत बसायची. तो परत आला तो दुसऱ्याच गाडीतून. मी अंगणात उभी. मला कुणी हलवलंही नाही.

त्यानंतर काकीला एक सवय लागली. काम आटोपलं की सूप घेऊन माझ्यात येऊन बसायची. ड्रायव्हरच्या जागेवर नाही, शेजारी. वाल निवडता निवडता रिकाम्या जागेशी बोलायची. शेजारचा सदा आठवड्याच्या बाजाराला मला घेऊन एक चक्कर मारायचा, तेवढंच माझं हिंडणं.

एका बाजाराला मी चालूच होईना. काकी घाबरली. तिनं उलव्याला फोन लावला, हर्षदला. हर्षद तिचा एकुलता एक मुलगा, तिकडे नवी मुंबईत कंपनीत नोकरीला. काकी म्हणाली, “हर्षद, काळीज बंद पडला रे. सकाळधरनं धडधडत व्हता, आता हूं न्हाय का चूं न्हाय.”

पोराला घाबरून माझं नाव आठवलंच नाही; बायकोला घेऊन तसाच निघाला. काळीज बंद पडलेली आई फोनवर बोलते कशी, हा विचार त्याला वडखळपर्यंत सुचला नाही म्हणे. दारात येऊन बघतो तर आई कोंबड्यांना दाणे टाकतेय. तो ओट्यावर डोकं धरून बसला. सूनबाई, प्रणाली, हसून हसून भिंतीला टेकली. हर्षद हसला नाही.

“आई, यापुढं तुझ्या त्या काळजासाठी मला फोन करायचा नाही. सांगून ठेवतो.”

“बरा बाबा,” काकी म्हणाली. “तू जेव आता. बोंबील करते.”

जेवता जेवता त्यानं ठरवून टाकलं. माझं पासिंग संपत आलं होतं; पुन्हा पेणला आरटीओत नेण्यात अर्थ नाही, स्क्रॅपला द्यायची. सदालाही बजावलं, आता चालू करू नकोस, उगाच डिझेल जाळू नकोस. काकी एवढंच म्हणाली, “काळीज नेनार तं मना बी ने.” त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि माझी ती एक चक्करही गेली. बॅटरी उतरत चालली, टायर बसत चालले. आतल्या आत नुसती तगमग. तुम्हाला वाटेल लोखंडाला कसली तगमग. एकदा उभं राहून बघा.

भातकापणीचे दिवस आले. साळवाडीत दुपारी चिटपाखरू नसतं, सगळे खाचरात. काकी माझ्यात बसून पेरणीचे वाल निवडत होती. निवडता निवडता हात थांबला. सूप मांडीवरून घसरलं आणि वाल तिच्या पायाशी सांडले. तिनं छाती धरली. कपाळावर घाम. ती कधी वाल सांडू देत नसे, एकेक दाणा उचलायची. मी तिथंच ओळखलं.

तिनं फोन लावला. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“हर्षद, काळीज बंद पडतंय रे.”

“पडू दे, आई. या रविवारी न्यायला येतायत.”

“आरं, धडधडतंय आनि थांबतंय. काळीज...”

“मी काय सांगितलं होतं तुला? चावी काढून ठेव आणि आत जाऊन पड जरा. मीटिंगमध्ये आहे मी. ठेवतो.”

त्यानं ठेवला. काकी हातातल्या फोनकडे बघत राहिली. तिला कळलं, त्याला काय ऐकू आलं ते. शब्द एकच, आणि तो तिनंच त्याला असा शिकवलेला. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता, आणि शोधायला दमही नव्हता. फोन हातातून खाली वालांत पडला.

माझी काय अवस्था झाली सांगू? बाई माझ्या पोटात मरतेय, मला चार चाकं आहेत, टाकीत डिझेल आहे, रस्ता समोर आहे, आणि मी उभी. धागा तुटला की थांबायचं, ही माझ्या घराण्याची शिकवण. जळो ती शिकवण, असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

मग तिनं हात लांब केला. शेजारच्या जागेवर कलंडली, धाकूच्या जागेवर, आणि स्टिअरिंगवर हात दाबला. बॅटरीत होतं नव्हतं ते मी सगळं गोळा केलं. आवाज निघाला तो घसा बसलेल्या म्हातारीचा. पण तुटला नाही. तिनं हात काढला नाही, नंतर हाताऐवजी डोकं टेकलं, आणि मी बारीक सुरात ओरडत राहिले.

खाचरात काशीनं मान वर केली. काशी म्हणजे सदाची बायको. पुढचं तिच्याच तोंडून मी नंतर दहा वेळा ऐकलंय.

“आवो, ऐकताव का? धाकूभावजींचा हारन.”

“गाडी अंगनात उभी हाय,” सदा म्हणाला.

“मंग लांब हारन कशाला वाजल? पेशंट असल्याबिगर वाजलाय कंधी?”

विळे तिथंच टाकून सगळी धावली. कुणी विचारलं नाही, का, कोण. सदानं काकीला मागच्या सीटवर काशीच्या मांडीवर निजवलं आणि चावी फिरवली. मी नुसती कण्हले. “धक्का मारा,” तो ओरडला. साळवाडीची निम्मी माणसं माझ्या पाठीला लागली, हातांना भाताचा चिकट वास. देवळापर्यंत उतार आहे. उताराला सदानं दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि मी एक आचका देऊन उठले. काळा धूर सोडला, पण उठले.

मग काय विचारता. बसक्या टायरांनी, खडखडत, हॉर्न मोकळा सोडून मी पळाले. इंजिन फिरायला लागलं तसा आवाजही भरला. हमरस्त्यापर्यंत एक गाडी आडवी आली नाही. वाटेत एका खड्ड्यात खाली काहीतरी कडकन तुटलं, मला कळलं, पण ते कुणाला सांगायची ती वेळ नव्हती. मुरूडला तिला इंजेक्शन दिलं आणि तिथून दवाखान्याच्या गाडीतून पुढं अलिबागला नेलं.

अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलं, थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. काकी वाचली.

तिला धोका नाही असं कळल्यावर हर्षद मला बघायला मुरूडला आला. सदा सोबत होता. हर्षदनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

“तिनं मला सांगितलं होतं, सदादादा. काळीज बंद पडतंय म्हणाली होती. मी म्हटलं, चावी काढून ठेव.”

सदा म्हणाला, “चल, चाय पिऊ.”

आता गंमत बघा. मला मोडीत काढायला निघालेला हर्षद आता मला वाचवायला निघाला. मेकॅनिक आणला. तो खाली शिरला आणि बाहेर येऊन त्यानं हात झटकले. “चासी, म्हंजे गाडीचा सांगाडाच, गंजून आरपार गेलीय, दादा. कंपनीचा दोष न्हाय, खारा वारा कुनाला सोडतो? ही पेशंट घेऊन आली कशी, त्याचाच नवल हाय.” हर्षद म्हणाला, वेल्डिंग करू, पट्ट्या मारू, लागेल ते करू. मला ओढत अंगणात आणलं आणि सामान यायला लागलं.

काकी घरी आली. काठी टेकत माझ्याजवळ आली आणि हर्षदला म्हणाली, “नको.”

“आई, तिनं तुला वाचवलंय.”

“म्हनून तं सांगते. तुज्या बापाला असाच ठेवला व्हता तुमी, नळ्या लावून. मी काचेतनं बघलाय. तिचा काम झाला, तिला जाव दे.” मग माझ्या दारावर हात ठेवला तिनं. “मना काय जड न्हाय जात व्हय? पन अशी अडकवून नको ठेवू.”

हर्षद रडला. मोठा माणूस, ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत. माझ्या मनात काय आलं विचाराल तर मोकळं वाटलं. मला उभं राहायचं कधीच नव्हतं.

जाण्याआधी सदानं माझा हॉर्न काढला. काकीच्या खाटेशी, भिंतीला, बटण आणि नवी बॅटरी लावून बसवला. कोंबड्या पहिल्या आवाजाला पार माडापर्यंत पळाल्या. आता काकीला काही झालं तर तिला फोनवर शब्द शोधायला नकोत. तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी साळवाडीवरून गेलात आणि लांब, न तुटणारा हॉर्न ऐकलात, तर का, कोण, विचारत बसू नका. आधी वाट मोकळी करा.

आला ट्रक. साखळी लावतायत. शेवटी एकदाची निघाले, ट्रकच्या पाठीवर बसून का होईना. काकी ओट्यावर उभी आहे, हातात फोन. हर्षदचा असणार, हल्ली तो रोज याच वेळेला करतो, कंपनीतून. तिनं स्पीकर लावलाय, म्हणून मलाही ऐकू येतंय.

“आई,” तो म्हणतोय, “काळीज कसा हाय?”

काकी ट्रककडे बघतेय.

“एक चालला बघ,” ती म्हणते. “एक हाय.”